एका सेकंदाची बारा चित्रे : राम मोहन यांचा शिकाऊ काळ

१९५६ साली मुंबईतील एका सरकारी कार्यालयात कागदावरच्या हरणांना चालायला शिकविण्याचे काम सुरू झाले. शिकविणारे गृहस्थ वॉल्ट डिस्ने यांच्या स्टुडिओत घडलेले होते. त्यांना येथे आणण्याची व्यवस्था अमेरिकेच्या तांत्रिक साहाय्य योजनेतून झाली होती. शिकणाऱ्यांत पंचविशीचा एक तरुण होता; पदवी रसायनशास्त्राची, विद्यापीठ मद्रासचे, नाव राम मोहन. पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होऊ लागला. जनकपदाची बिरुदे आपल्याकडे फार सहज वाटली जातात. ते कोणाचे विद्यार्थी होते, काय शिकले आणि शिकलेल्यातले या देशात किती परवडले, हे प्रश्न अधिक रंजक आहेत. आजचा धागा त्यांच्याविषयी.

आरंभी एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. चित्र काढता येणे ही एक विद्या, चित्र हलविता येणे ही दुसरी. उत्तम हात असलेला चित्रकार पहिल्या दिवशी ॲनिमेशनच्या टेबलावर बसतो तेव्हा त्याची अडचण हाताची नसते. त्याने आजवर प्रत्येक चित्र पूर्ण, स्वयंसिद्ध आणि पाहणाऱ्याने थांबून पाहावे असे काढलेले असते. येथे मात्र त्याचे चित्र पडद्यावर सेकंदाचा बारावा हिस्सा राहणार असते. ते सुंदर आहे की नाही हे कोणी पाहणार नाही. मागच्या चित्रापासून ते किती सरकले आहे एवढेच दिसणार आहे. ॲनिमेशनचा खरा कच्चा माल रेषा नसून काळ आहे, ही गोष्ट वाक्यात सांगायला सोपी आणि बोटांत उतरायला महाकठीण.

महाराष्ट्रात ही गोष्ट सर्वप्रथम बोटांत उतरली ती दादासाहेब फाळके यांच्या. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) पूर्ण होण्याआधी, भांडवलदारांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीचे चित्रण दिवसाला एक चौकट या हिशेबाने महिनाभराहून अधिक काळ केले. पडद्यावर ते रोप मिनिटभरात उगवले. हे अर्थातच हाताने काढलेले ॲनिमेशन नव्हे. पण चौकट-चौकट मोजून काळ आवळता येतो, हे तत्त्व त्यात संपूर्ण आहे. १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली, त्यात काड्याच हलल्या. फाळके जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी, बडोद्याच्या कलाभवनातही शिकलेले. तरी सिनेमाचे तंत्र शिकायला त्यांना १९१२ मध्ये लंडन गाठावे लागले, आणि तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत त्यांना मिळाला तो मोजक्या दिवसांचा सहवास. बाकी सारे मासिके, पुस्तके आणि स्वतःचे डोळे.

पुढच्या पिढीचीही हीच तऱ्हा. १९३० च्या दशकात निरनिराळ्या चित्रसंस्थांत कार्टूनपटांचे प्रयोग झाले. पुण्याच्या 'प्रभात'ने 'जंबूकाका' केला. जी. के. गोखले यांनी १९३९ मध्ये 'सुपरमॅन्स मिथ' केला. परदेशी कार्टून पाहायचे, पुन्हा पाहायचे, आणि घरी येऊन ते कसे केले असेल याचा तर्क लढवायचा. हा मार्ग एकलव्याचा आहे, आणि एकलव्याची गोष्ट आपण जितक्या कौतुकाने सांगतो तितक्या कौतुकाने त्याच्या मार्गाची शिफारस करू नये. ॲनिमेशनमध्ये पडद्यावर जे दिसते त्यात ते कसे केले हे दिसत नाही. एखाद्या हालचालीत आठ चित्रे आहेत की बारा, कोणत्या दोघांत अंतर अधिक आहे, आधी पहिले काढले की शेवटचे, हे प्रेक्षागृहातील अंधारात बसून कळत नाही.

पुस्तके तरी होती का? डिस्ने स्टुडिओतील ज्येष्ठ ॲनिमेटर फ्रँक टॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी त्या शाळेची बारा तत्त्वे ग्रंथरूपाने मांडली ती १९८१ मध्ये. १९४० च्या दशकाच्या अखेरीस प्रेस्टन ब्लेअर यांचे एक पातळ, मोठ्या आकाराचे मार्गदर्शक अमेरिकेत निघाले होते. जगभरच्या अनेक ॲनिमेटरांनी त्यावर हात बसविला. पण त्यातली आकृती पाहून चेंडू कसा चपटतो हे कळले, तरी आपला चेंडू जड का वाटत नाही हे सांगणारे माणूस शेजारी लागतेच. १९५६ साली ही विद्या मुख्यतः माणसांत होती, आणि ती माणसे मुंबईपासून फार दूर होती.

खुद्द डिस्ने यांनाही आपली माणसे शिकवूनच तयार करावी लागली होती, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे. १९३२ पासून त्यांच्या स्टुडिओत शुइनार्ड कलासंस्थेचे शिक्षक डॉन ग्रॅहॅम संध्याकाळचे वर्ग घेत. डिसेंबर १९३५ मध्ये डिस्ने यांनी ग्रॅहॅम यांना एक विस्तृत टिपण पाठविले. त्यात ॲनिमेटरला काय काय यायला हवे याची मागणीच नोंदविलेली आहे. 'स्नो व्हाइट' (१९३७) या वर्गांचे फळ. पुढे 'बॅम्बी' (१९४२) करायचे ठरले तेव्हा हरणांचा प्रश्न उभा राहिला. तोपर्यंतची कार्टूनमधली हरणे म्हणजे पिठाच्या पोत्याला चार काड्या. त्यावर उपाय म्हणून मेन राज्यातून दोन जिवंत पाडसे स्टुडिओत आणून ठेवली गेली. रिको लेब्रन या चित्रकाराने प्राण्यांची शरीररचना शिकविली. एका मृत पाडसाच्या देहाचा थरावर थर उलगडत जाऊन त्याने स्नायू आणि सांधे दाखविले. विद्यार्थ्यांपैकी सर्वांनाच तो वास सहन झाला नसणार.

या शाळेतून आलेले क्लेअर वीक्स. त्यांचे आईवडील मिशनरी, बालपण भारतात गेलेले. 'स्नो व्हाइट', 'बॅम्बी', 'पीटर पॅन' या पटांवर त्यांनी काम केले होते. १९५२ च्या भारत-अमेरिका करारानुसार तांत्रिक साहाय्याची जी योजना सुरू झाली, तिच्यातून येथे खते आली, कूपनलिका आल्या, हिवतापाविरुद्धची सामग्री आली. त्याच योजनेने फिल्म्स डिव्हिजनला एक ॲनिमेटरही दिला. शीतयुद्धाच्या इतिहासात हे कलम सहसा कोणी वाचत नाही.

फिल्म्स डिव्हिजनची स्थापना १९४८ ची. माहितीपट आणि वार्तापट काढणारे हे सरकारी खाते. त्याचे लघुपट मुख्य चित्रपटाआधी दाखविणे चित्रपटगृहांना बंधनकारक असे, आणि ते चालू असताना बाहेर विडी ओढत उभे राहणे हा प्रेक्षकांचा जणू हक्क असे. या खात्याला कार्टून विभाग हवा होता तो करमणुकीसाठी नव्हे. अल्पबचत, स्वच्छता, कुटुंबनियोजन, पंचवार्षिक योजनांचे आकडे हे सारे निरक्षर प्रेक्षकांपर्यंत न्यायचे होते, आणि चित्र हे त्याला सोयीचे साधन होते. म्हणजे मागणी प्रचारपटांची आणि गुरू 'बॅम्बी'च्या स्टुडिओतला. पुढची सारी गुंतागुंत या विजोड लग्नातून निघाली.

आता त्या टेबलाकडे जाऊ. ॲनिमेटरच्या टेबलाला मध्यभागी दुधी काच असते आणि काचेखाली दिवा. कागदांना खाली भोके पाडलेली असतात. ती भोके काचेच्या कडेला बसविलेल्या पट्टीवरील खुंट्यांत अडकवायची, म्हणजे शंभर कागद एकावर एक ठेवले तरी चित्र केसभरही सरकत नाही. दिव्याच्या उजेडात खालची दोन-तीन चित्रे वरच्या कागदातून दिसतात. डाव्या हाताच्या बोटांत पाच कागद धरून ते पुढे-मागे फडफडवायचे आणि उजव्या हाताने काढत राहायचे, हा पहिला धडा. तो हातांचा आहे. ही फडफड साधली नाही तर पुढचे काही साधत नाही, कारण हालचाल पाहण्याचे कॅमेऱ्याआधीचे तेवढेच साधन.

मग चेंडू. ॲनिमेशनच्या बहुतेक वर्गांत आरंभ उसळत्या चेंडूने होतो आणि बहुतेक नवशिक्यांचा पहिला चेंडू फसतो. कारण तो समान अंतरावर काढलेला असतो. समान अंतरावर काढलेला चेंडू पडत नाही. तारेवर ओवलेल्या मण्यासारखा सरकतो. पडणारी वस्तू समान कालखंडांत एक, तीन, पाच, सात अशा प्रमाणात अंतर कापते, हे गॅलिलिओने दाखवून दिले आहे. म्हणून शिखरापाशी चित्रे दाट हवीत आणि जमिनीजवळ विरळ. विज्ञानाच्या पदवीधराला हे प्रमाण नवे नसते. त्याला नवे असते ते यापुढचे: जमिनीला टेकायच्या आधीच्या चित्रात चेंडू थोडा लांबट, टेकताना चपटा, उसळल्यावर पुन्हा लांबट, आणि हे सारे करताना त्याचे आकारमान मात्र तेच. आकारमान वाढले की चेंडू फुगा होतो. लोखंडी गोळा, रबरी चेंडू आणि पिंगपाँगचा चेंडू हे तिन्ही कागदावर एकच वर्तुळ असतात. त्यांचे वजन केवळ चित्रांमधील अंतरांत असते.

चेंडूनंतर माणसाची चाल. सेकंदाला २४ चौकटी. बहुधा प्रत्येक चित्र दोन चौकटी धरून ठेवतात, म्हणून १२ चित्रे. साधारण चालीत सेकंदाला दोन पावले, म्हणजे पावलाला सहा चित्रे. टाच टेकते तो क्षण, शरीर किंचित खाली बसते तो, एक पाय दुसऱ्याच्या पुढून जातो तो, शरीर उंचावते तो, ही मुख्य स्थाने. ती आधी काढायची, मधली नंतर भरायची. नवशिका चाल काढतो तेव्हा तीन गोष्टी हमखास घडतात. टेकलेला पाय जमिनीवर स्थिर राहत नाही, घसरतो. शरीर एकाच उंचीवर राहते, त्यामुळे माणूस चाकांवर चालल्यासारखा दिसतो. आणि सारे अवयव एकाच वेळी थांबतात, जणू पोलिसाने शिट्टी वाजविली. पदर घेतलेली बाई चालता चालता थांबली तर आधी पाय थांबतात, मग कंबर, मग हात, आणि पदराचे टोक थोडे पुढे जाऊन माघारी येते. डिस्नेच्या शाळेने या क्रमाला रीतसर नाव दिले. आपल्याकडे कथक शिकणाऱ्या मुलीला तो नावाशिवाय ठाऊक असतो.

आणि हरीण म्हणजे चार पाय. चतुष्पादाची चाल शिकविताना सांगतात की, एकामागे एक चालणारी दोन माणसे आहेत असे समजा. दोघांची पावले एकाच वेळी पडत नाहीत. मागच्या पायात मध्येच उलटा वाकलेला जो गुडघा दिसतो तो गुडघा नव्हेच, घोटा आहे. खरा गुडघा वर, पोटाशी लपलेला. हरीण बोटांच्या नखांवर उभे असते. हे कळल्याशिवाय काढलेले हरीण उभे राहते, चालत नाही.

फिल्म्स डिव्हिजनच्या नव्या विभागाने वीक्स यांच्या मार्गदर्शनाखाली जो पहिला पट केला तो 'द बनियन डिअर' (१९५७). कथा जातकातील. वाराणसीच्या राजाला रोज शिकार हवी. हरणांच्या दोन कळपांनी त्याच्याशी करार केला की, रोज एका हरणाने पाळीने स्वतःहून यावे. एके दिवशी पाळी एका गाभण हरिणीची आली. तिच्या कळपप्रमुखाने सूट नाकारली. तेव्हा दुसऱ्या कळपाचा प्रमुख, निग्रोध म्हणजे वड हे ज्याचे नाव, तिच्या जागी स्वतः वधस्थानी जाऊन पडला. राजा विरघळला, आणि त्याने साऱ्या प्राण्यांना अभय दिले.

कथेची निवड योगायोगाची वाटत नाही. 'बॅम्बी' करून आलेला गुरू. बुद्धजयंतीचे अडीच हजारावे वर्ष देशभर साजरे झालेला काळ. आणि जातककथा म्हणजे अजिंठ्याच्या भिंतींवर रंगविलेली, भारतीय चित्रकाराला आपली वाटणारी परंपरा. पण शिकाऊ विद्यार्थ्यांच्या नजरेने पाहिले तर हा फार कठोर पाठ होता. कळप म्हणजे अनेक हरणे. हिशेब मांडून पाहावा: एका मिनिटाला, एकाच पात्राची, ७२० चित्रे. प्रत्येक चित्र आधी पेन्सिलीने, मग पारदर्शक सेलच्या पुढच्या बाजूवर शाईने, मग मागच्या बाजूवर रंगाने. सेलचे चार-पाच थर एकावर एक ठेवता येतात. पण सेल पूर्ण पारदर्शक नसते, तिला हलकी पिवळसर झाक असते, म्हणून खालच्या थरावरचा रंग वरच्या थरावरच्या त्याच रंगापेक्षा मळकट दिसतो. एखादे पात्र थर बदलून वर आले तर त्याचा रंगही वेगळा घोटावा लागतो. मग प्रत्येक चौकटीसाठी कोणती सेल कोणत्या थरावर हे लिहिलेला तक्ता, आणि उभ्या खांबावर खाली तोंड करून बसविलेला कॅमेरा. एक चौकट घ्यायची, सेल बदलायची, पुन्हा एक चौकट.

येथे राम मोहन यांच्या शिक्षणाचा खरा पेच लक्षात येतो. त्यांना जे शिकविले गेले ते परिपूर्ण ॲनिमेशनचे शास्त्र होते. शेकडो माणसांचे खाते, वर्षानुवर्षे चालणारा एक चित्रपट आणि अमेरिकेची बाजारपेठ गृहीत धरून बांधलेले. वीक्स यांचा मुक्काम संपला. मागे राहिले मूठभर प्रशिक्षित हात, सरकारी अंदाजपत्रक आणि वेळेवर हवे असलेले लघुपट. शिकलेले सारे वापरायचे म्हटले तर काम संपणार नाही. टाकून द्यावे तर शिकलो कशाला?

सुटकेची वाट जगात अन्यत्र सापडू लागली होती. १९४१ च्या संपानंतर डिस्नेमधून बाहेर पडलेल्या काही जणांच्या पुढाकाराने अमेरिकेत यूपीए हा स्टुडिओ उभा राहिला. त्याच्या 'जेराल्ड मॅकबॉइंग-बॉइंग' (१९५०) या लघुपटाने दाखविले की सपाट रंग, मोजकी रेषा आणि निम्मीशिम्मी चित्रे यांतही जीव असू शकतो. पुढे युगोस्लाव्हियातील झाग्रेबच्या मंडळींनी तेच आपल्या पद्धतीने केले. दुशान वुकोतिच यांच्या 'सरोगेट'ला (१९६१) ऑस्कर मिळाले. फिल्म्स डिव्हिजनमध्येही वेगवेगळी दारे उघडत होती. जहांगीर भावनगरी यांनी 'राधा अँड कृष्ण' (१९५८) मध्ये पहाडी लघुचित्रे घेतली. चित्रे जागची हलली नाहीत, कॅमेरा त्यांवरून फिरला, आणि संगीताने उरलेले काम केले. प्रमोद पती प्रागला जाऊन यिरी त्र्न्का यांच्याकडे बाहुल्यांचे ॲनिमेशन शिकून आले. एक विद्या हॉलिवुडची, दुसरी साम्यवादी चेकोस्लोव्हाकियाची, आणि दोन्ही एकाच सरकारी खात्यात: अलिप्ततावादाची याहून नेमकी व्याख्या परराष्ट्र खात्यालाही जमली नसती.

मर्यादित ॲनिमेशन म्हणजे कामचुकारपणा, हा समज अजूनही आढळतो. तो चूक आहे, आणि त्याचे कारण त्या चेंडूत आहे. चोवीसाऐवजी सहा चित्रांत हालचाल करायची असेल तर ती सहा कोणती, हे ठरवायला पूर्ण हालचाल आधी ठाऊक असावी लागते. ज्याला अंतरांचे गणित बोटांत मुरलेले आहे तोच ते काटकसरीने वापरू शकतो. ज्याला येत नाही त्याची सहा चित्रे नुसती सहा चित्रे राहतात. राम मोहन यांच्या पिढीने डिस्नेच्या धड्यातला झगमगाट सोडला आणि काळाचे भान ठेवले. हा निर्णय तंगीने करविला. पण तंगीत असे निर्णय सर्वांनाच घेता येत नाहीत, हेही तितकेच खरे.

शिकलेले पुढे कसे गेले याचे सर्वांत परिचित उदाहरण मराठी घरांतही पोचलेले आहे. १९६१ मध्ये भीमसेन नावाचा तरुण फिल्म्स डिव्हिजनमध्ये पार्श्वभूमी रंगविणारा म्हणून लागला. (किराणा घराण्याचे पंडितजी निराळे. तरी या भीमसेनांनाही शास्त्रीय संगीताची तालीम होती.) ॲनिमेशन तो राम मोहन यांच्याकडून शिकला. बाहेर पडून त्याने 'द क्लाइंब' (१९७०) केला. त्याला शिकागोच्या महोत्सवात पारितोषिक मिळाले. आणि १९७४ मध्ये आला 'एक अनेक और एकता'. दिग्दर्शन मुंबईत जन्मलेल्या विजया मुळे यांचे, आरेखन आणि ॲनिमेशनची बाजू भीमसेन यांच्याकडे. जाळ्यासकट उडून जाणाऱ्या त्या पक्ष्यांचा थवा आज पुन्हा पाहावा. पक्षी अगदी साधे आहेत. पंखांची चित्रे थोडी, तीच फिरून फिरून येतात. तरीही जाळे उचलले जाताना त्याला वजन आहे. दूरदर्शनवर ती फिल्म पाहत मोठ्या झालेल्या एका पिढीने, नाव न कळता, १९५६ च्या त्या वर्गातील पाठ पाहिला.

राम मोहन यांनी १९६८ मध्ये सरकारी नोकरी सोडून प्रसाद प्रॉडक्शन्सच्या ॲनिमेशन विभागाची सूत्रे घेतली आणि १९७२ मध्ये स्वतःची संस्था काढली. 'यू सेड इट' (१९७२) आणि 'फायर गेम्स' (१९८३) यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. मृणाल सेन यांचा 'भुवन शोम', सत्यजित राय यांचा 'शतरंज के खिलाडी' अशा चित्रपटांतील ॲनिमेशनचे तुकडे त्यांचे. युनिसेफची 'मीना' ही बंडखोर शाळकरी मुलगी दक्षिण आशियाभर पोचली, तिची घडण त्यांच्या हातची. पोट भरणारे काम अर्थात जाहिरातींचे.

परिपूर्ण ॲनिमेशनचा जो धडा पंचविशीत शिकून बाजूला ठेवावा लागला होता, तो मोठ्या प्रमाणावर वापरण्याची संधी आली तेव्हा ते साठीच्या आसपास होते. युगो साको यांच्या पुढाकाराने भारत आणि जपान यांनी मिळून केलेला 'रामायण : द लीजंड ऑफ प्रिन्स राम' १९९२ मध्ये पूर्ण झाला, साको आणि कोइची सासाकी यांच्याबरोबर दिग्दर्शक म्हणून राम मोहन यांचे नाव आहे. पूर्ण लांबीचा, हाताने काढलेला चित्रपट. पण त्याची चित्रे प्रामुख्याने जपानमध्ये काढली गेली. एवढ्या चित्रांचे टेबल भारतात तेव्हाही नव्हते. छत्तीस वर्षांत प्रशिक्षित माणसे तयार झाली. त्यांना सामावून घेणारा उद्योग तयार झाला नाही. सरकारने गुरू आणला, वर्ग भरविला, पहिला पट करवून घेतला, आणि मग त्या विद्येला प्रचाराच्या खिडकीपलीकडे काही मागितलेच नाही. वीक्स यांचा वर्ग फसला असे म्हणता येणार नाही. फसले ते त्याच्यापुढचे नियोजन.

२०१४ मध्ये राम मोहन यांना पद्मश्री मिळाली. त्याआधी, २००६ मध्ये, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांच्या पुढाकाराने मुंबईत ग्राफिटी ॲनिमेशन शाळा सुरू झाली. तोवर सेल, शाई आणि रंगाच्या बाटल्या अडगळीत गेल्या होत्या. मधली चित्रे संगणक स्वतःच भरू लागला होता. दोन स्थाने दिली की तो त्यांतले अंतर सारखे वाटून टाकतो, आणि अशा रीतीने पाडलेला चेंडू आजही तारेवरच्या मण्यासारखा सरकतो. ते वक्र हाताने ओढून नीट करावे लागतात. राम मोहन यांचे निधन ११ ऑक्टोबर २०१९ रोजी झाले, वयाच्या ८८ व्या वर्षी.